परिचारक निवडताना शीलाचे स्थान

प्रास्ताविक

चिकित्सालय किंवा औषधालय उभारताना आपण जागा, भांडवल, औषधांचा साठा आणि उपकरणे यांचा विचार बारकाईने करतो. माणसांचा विचार मात्र बहुधा सर्वांत शेवटी होतो आणि तोही घाईने. कोणी काम सोडून गेले की ओळखीच्या दोघाचौघांना निरोप धाडला जातो. जो प्रथम येईल त्याचे प्रमाणपत्र पाहिले जाते, मागील अनुभव विचारला जातो, पगार ठरतो आणि दुसऱ्या दिवशी तो मनुष्य रुग्णासमोर उभा राहतो. या निवडीत शीलाला पहिले स्थान का असावे, शास्त्र याविषयी काय सांगते आणि ते रोजच्या व्यवहारात कसे आणावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरात हा प्रश्न अधिक तीव्रतेने जाणवतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला आठ तालुक्यांचा जिल्हा एकाच वेळी दोन जगांत वावरतो. एका बाजूस तारापूरची औद्योगिक वसाहत आणि १९६९ साली सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र, तर दुसऱ्या बाजूस जव्हार, मोखाडा, विक्रमगडचे पाडे. आपल्या दारी येणाऱ्यांत रात्रपाळी संपवून आलेला बिहार वा उत्तर प्रदेशातील कामगार असतो, किनाऱ्यावरील मांगेला व वाडवळ कुटुंबातील माणसे असतात आणि दोन वाहने बदलून आलेली वारली स्त्रीही असते.

काम करू इच्छिणाऱ्या तरुणांपुढे कारखान्याचा पर्याय असतो आणि तेथील वेतन अनेकदा आपल्यापेक्षा अधिक असते. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या, त्यामुळे प्रशिक्षित सहायकाला विरार-बोरिवलीची वाटही मोकळी झाली. अशा स्थितीत तयार मनुष्य शोधत बसण्यापेक्षा होतकरू मनुष्य घेऊन त्याला घडविणे, हाच छोट्या व्यावसायिकापुढील खरा मार्ग उरतो. मग प्रश्न असा की, घडण्याजोगा मनुष्य ओळखावा कसा?

शास्त्राधार

चिकित्सेचे चार पाद आपणा सर्वांस परिचित आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात उपस्थात्याचे म्हणजे परिचारकाचे चार गुण सांगितले आहेत : उपचारज्ञता, दाक्ष्य, स्वामीविषयी अनुराग आणि शौच. यांतील पहिले दोन कौशल्याशी निगडित आहेत, तर उरलेले दोन स्वभाव व आचरणाशी. येथे उपचारज्ञता प्रथम आली आहे, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

तथापि याच सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. वमन-विरेचनापूर्वी कोणती सिद्धता करावी, हा त्या अध्यायाचा विषय. त्यात आतुरगृह, भांडी, औषधे यांच्याबरोबर माणसेही जमविण्यास सांगितले आहे. अन्न शिजविणारे, स्नान घालणारे, अंग चेपणारे, रुग्णाला उठविणारे व निजविणारे, औषधे वाटणारे अशी त्यांची कामेही निर्दिष्ट केली आहेत. हे सेवक कसे असावेत, हे सांगताना आरंभी शील, शौच, आचार, अनुराग, दाक्ष्य आणि प्रादक्षिण्य हे गुण येतात. उपचारातील कुशलतेचा उल्लेख त्यानंतरचा आहे.

या दोन अध्यायांत आम्हांस विरोध दिसत नाही. नवव्या अध्यायात रुग्णाजवळ उभा असलेला पूर्णतः तयार परिचारक वर्णिला आहे. पंधराव्या अध्यायात माणसे जमवावयाची आहेत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर तेथे नेमणूक चालली आहे आणि नेमणुकीच्या वेळी आचार्यांनी शीलाला पहिले स्थान दिले आहे. कौशल्याची अट त्यांनी सोडलेली नाही, तिचा क्रम तेवढा ठरविला आहे.

सुश्रुताचार्यांनी परिचारकाच्या गुणांत स्निग्धता, बल, वैद्याचे सांगणे पाळणे, न थकता सेवा करणे यांबरोबर अजुगुप्सुत्व, म्हणजे किळस न बाळगणे, हा गुण आवर्जून सांगितला आहे. वाग्भटाचार्यांनीही अनुरक्त, शुचि, दक्ष व बुद्धिमान असे चार शब्द योजले आहेत. तिन्ही आचार्यांनी कौशल्याबरोबर वृत्तीची अट घातली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

शील कोठे उपयोगी पडते

आपल्या व्यवसायातील बरेचसे काम कोणाच्याही देखरेखीशिवाय होते आणि त्यातील उणीव डोळ्यांना दिसत नाही. याची तीन स्थाने पाहू.

१) औषधी निर्मिती : क्वाथ चतुर्थांश उरेपर्यंत मंद आचेवर आटवावयाचा असतो. घाई करणारा सेवक आच वाढवितो किंवा अर्ध्यावरच भांडे उतरवितो. सात भावना सांगितलेल्या असताना तीन देऊन खल बाजूस ठेवतो. चूर्ण वस्त्रगाळ न करता चाळणीवरच उरकतो. तयार औषधाचा रंग पाहून यांतील बहुतेक गोष्टी उमगत नाहीत. उमगते ते एवढेच की, औषधाचा गुण येत नाही, आणि तेव्हा दोष वैद्याच्या निदानाला किंवा शास्त्रालाच दिला जातो. आयुर्वेदीय औषधांच्या उत्पादनासाठी २००० साली अनुसूची 'टी'मध्ये उत्तम निर्मिती पद्धतीचे नियम आले. जागा, पाणी, स्वच्छता, कामगारांचे आरोग्य, गणवेश, नोंदवह्या या सर्वांची तरतूद त्यांत आहे. परंतु नोंदवहीत सात भावना लिहून तीन देणाऱ्याला कोणतीही अनुसूची अडवू शकत नाही.

२) पंचकर्म कक्ष : येथे रुग्ण विवस्त्र, थकलेला आणि परस्वाधीन असतो. तेल किती तापले आहे, बस्तीद्रव्य कोमट आहे की उष्ण, द्रोणी खालपर्यंत घासली आहे की नाही, हे सारे सेवकाच्या हाती असते. वमनाच्या वेगाच्या वेळी ज्याचा चेहरा वाकडा होतो, त्याच्यासमोर रुग्ण संकोचतो. सुश्रुतोक्त अजुगुप्सुत्वाचा प्रत्यय येथे येतो. गोपनीयतेचा प्रश्न याहून नाजूक आहे. बोईसरसारख्या ठिकाणी एकाच कारखान्यातील माणसे एकाच चाळीत राहतात. एखादा कामगार मद्याचे व्यसन, त्वचारोग किंवा वंध्यत्व यांसाठी आपल्याकडे येतो, ही गोष्ट सेवकाच्या तोंडून बाहेर पडून ठेकेदाराच्या कानी गेली तर त्याची रोजी जाऊ शकते आणि घरची अब्रूही.

३) औषधालयाचा काउंटर : अहिफेन, वत्सनाभ, भल्लातक, धत्तूर, जयपाल, विषमुष्टी इत्यादी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील अनुसूची 'ई-१'मध्ये आहेत. ती ज्यात आहेत अशा पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापलेली असते. काउंटरवरील सेवक ती सूचना ग्राहकाला वाचून दाखवितो की पुडके बांधून मोकळा होतो, हे त्याच्या वृत्तीवर अवलंबून असते. तसेच दिवसभर ओझी उचलून कंबर धरलेला कामगार 'लगेच उतरेल असे काहीतरी द्या' म्हणतो, तेव्हा लेबल नसलेली, स्टेरॉइडची भेसळ असू शकेल अशी पुडी थोड्या दलालीसाठी त्याच्या हाती सरकविण्याचा मोह असतो. 'हमखास बरे होईल' असे सांगण्याचा मोह त्याहून सार्वत्रिक आहे. १९५४ चा औषधे व जादूटोणासदृश उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा मधुमेहादी अनेक रोगांविषयीच्या अशा जाहिरातींना प्रतिबंध करतो. ज्याची जाहिरात निषिद्ध आहे, ते काउंटरवरून बोलणे आपल्या व्यवसायाला शोभणारे नाही.

या तिन्ही ठिकाणी एकच गुण कसास लागतो. बिघडलेले काम लपविण्याची सोय असताना जो येऊन सांगतो, तो शीलवान. दोन बरण्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आहे, हे ज्या क्षणी सेवक सांगतो त्या क्षणी रुग्ण वाचतो. तेच त्याने संध्याकाळपर्यंत दडविले, तर वैद्याचे सर्व ज्ञान व्यर्थ ठरते.

जामखेड व कोसबाड येथील दाखले

शील आधी, शिक्षण नंतर, हा क्रम व्यवहारात टिकतो काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर महाराष्ट्रातच मिळते. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. आरंभी प्रशिक्षित परिचारिका-सुईणी गावोगावी पाठविण्याचा प्रयत्न झाला. पण बाहेरून आलेल्या त्या तरुणी गावांत रमल्या नाहीत आणि गावांनीही त्यांना आपले मानले नाही. तेव्हा गावानेच आपल्यातील एक स्त्री सुचवावी, असे ठरले. अशा निवडलेल्या अनेक स्त्रिया निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. लोकांविषयी कळकळ, गावाचा विश्वास आणि शिकण्याची तयारी एवढेच त्यांचे भांडवल होते. त्या नियमितपणे जामखेडला येऊन शिकत व गावी परतून शिकलेले आचरणात आणत. गर्भिणीची काळजी, प्रसूती, बालकांचा आहार, अतिसारात द्यावयाचे पेय, कुष्ठ व क्षय रुग्णांचा पाठपुरावा ही कामे त्यांनी पेलली. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. पुढे २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात आलेल्या 'आशा' या योजनेतही कार्यकर्ती त्याच गावची असावी, हे तत्त्व स्वीकारले गेले. आपल्या पाड्यांवरील आशा कार्यकर्त्यांचे काम आपण रोज पाहतोच.

दुसरा दाखला आपल्याच जिल्ह्यातील, शिक्षणक्षेत्रातील आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे काम आरंभिले आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच पाड्यावर, अंगणात आणि कुरणात नेण्यात आली. मुलांची नखे, केस, अंग स्वच्छ करण्यापासून शिक्षिकेचा दिवस सुरू होई. अनुताई अनुभवी शिक्षिका होत्याच, पण पदवी परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या १९६१ साली, म्हणजे बोर्डीचे काम सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी. ज्या कामात समोरच्या माणसाची किळस वा तुच्छता मनात असून चालत नाही, तेथे काय प्रथम लागते आणि काय मागाहून मिळविता येते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

निवडीची त्रिविध परीक्षा

शील पाहावे हे खरे, पण पाच मिनिटांच्या मुलाखतीत ते दिसत नाही. रोगपरीक्षेसाठी चरकाचार्यांनी विमानस्थानात आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही तीन साधने सांगितली आहेत. तीच येथे वापरता येतात, असे आमचे मत आहे.

आप्तोपदेश : उमेदवाराने पूर्वी जेथे काम केले तेथे चौकशी करावी. 'मुलगा कसा आहे?' असे विचारल्यास 'चांगला आहे' एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी वस्तुस्थिती विचारावी : किती महिने होता? कामावर वेळेवर येत असे काय? काही बिघडले तर स्वतः सांगत असे की दुसऱ्याकडून कळत असे? पुन्हा घ्याल काय? शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर त्या थांबण्याचे कारण समजून घ्यावे.

प्रत्यक्ष : एक पंधरवडा चाचणीचा ठेवावा आणि त्या दिवसांचे वेतन पूर्ण द्यावे. या काळात उमेदवाराला कंटाळवाणे काम द्यावे. वनस्पती निवडणे, बरण्या धुणे, साठ्याची मोजणी करणे अशी कामे मनुष्य कशी करतो, हे बरेच सांगून जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सर्वांत गरीब रुग्णाशी तो कसा बोलतो हे पाहावे. वारली बोलीत बोलणाऱ्या वृद्धेला तिसऱ्यांदा मात्रा समजावून सांगताना त्याचा स्वर चढतो काय? मोडक्या हिंदीत तक्रार सांगणाऱ्या कामगाराला तो बसावयास सांगतो काय? डॉक्टर बाहेर येताच त्याची वागणूक बदलते काय? मात्र मेजावर मुद्दाम पैसे टाकून प्रामाणिकपणा तपासण्याचा प्रकार करू नये. ज्याला ते कळते, तो आपल्या शीलाविषयीच शंका घेऊन परत जातो.

अनुमान : मुलाखतीत भविष्याविषयी न विचारता भूतकाळाविषयी विचारावे. 'तुम्ही प्रामाणिक आहात काय?' या प्रश्नाला एकच उत्तर संभवते. 'मागच्या ठिकाणी तुमच्या हातून काय बिघडले आणि मग तुम्ही काय केले?' या प्रश्नाला मात्र अनेक उत्तरे मिळतात. 'माझ्याकडून कधी काही बिघडलेच नाही' असे म्हणणारा, सर्व दोष मालकावर वा सहकाऱ्यावर ढकलणारा आणि घडलेली गोष्ट साधेपणाने सांगणारा, यांतील निवडावा कोणता, हे वेगळे सांगावयास नको.

शीलाच्या नावाखाली टाळावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, शील म्हणजे कुल नव्हे. 'चांगल्या घरचा', 'आपल्यातला', 'गावचा' या शब्दांआड पुष्कळदा जात, आडनाव किंवा प्रांत दडलेला असतो. चांगल्या वागणुकीचा अंदाज आडनावावरून बांधणे म्हणजे नाडी न पाहता निदान करण्यासारखे आहे. पाड्यावरील मुलगी आणि परप्रांतीय तरुण यांनाही हीच पंधरवड्याची संधी मिळाली पाहिजे. रुग्णांच्या बोली जाणणारा सेवक ही आपल्या भागात फार मोठी जमेची बाजू असते, हा व्यावहारिक लाभ निराळाच.

दुसरी गोष्ट, शील म्हणजे मुकाट्याने मान हलविणे नव्हे. जो कधीच प्रश्न विचारत नाही, तो चुकीच्या चिठ्ठीप्रमाणेही औषध देईल. 'वैद्यराज, ही मात्रा नेहमीपेक्षा जास्त दिसते' असे अदबीने विचारणारा सेवक आपल्याला हवा आहे. सुश्रुतांनी सांगितलेला वैद्यवाक्यकृत् हा गुण आणि ही जागरूकता यांत विरोध मानण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट, शील ही कायदेशीर पात्रतेला पर्याय नव्हे. आधुनिक औषधांच्या किरकोळ विक्रीसाठी नोंदणीकृत औषधनिर्माता आवश्यकच आहे. आयुर्वेदीय औषधांची निर्मिती अर्हताप्राप्त तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच झाली पाहिजे. सेवक कितीही विश्वासू असला तरी वैद्याच्या अनुपस्थितीत त्याने निदान करू नये व चिकित्सा बदलू नये. स्त्रीरुग्णांच्या पंचकर्मासाठी स्त्रीसहायकच असावी.

अनुरागाची दुसरी बाजू

स्वामीविषयी अनुराग हा परिचारकाचा गुण सांगितला आहे, पण अनुराग पगारपत्रकाबाहेरून मागता येत नाही. 'मुलगा स्वभावाने चांगला आहे, कमी पगारातही राहील' हा विचार अनेकांच्या मनात येतो. असा मनुष्य काही काळ राहतो आणि घरची अडचण वाढली की औद्योगिक वसाहतीची वाट धरतो. त्यात त्याचा दोष नाही. कारखान्याच्या वेतनाशी आपणांस पूर्ण बरोबरी करता येत नसेल, तर ज्या गोष्टी आपल्या हाती आहेत त्या तरी निश्चित असाव्यात : लेखी नेमणूकपत्र, वेतनाची ठरलेली तारीख, आठवड्याची सुट्टी, होळीला पाड्यावर किंवा छठला बिहारमध्ये जाण्यासाठी आधीच मान्य केलेली रजा आणि वर्षभरात तो काय काय शिकणार याचा आराखडा. स्नेहन-स्वेदनापासून आरंभ करून शिरोधारा, नंतर बस्तीची पूर्वतयारी, असा क्रम ठरवून शिकविल्यास आपण येथे वाढत आहोत, ही जाणीव त्याला होते.

त्याचप्रमाणे, सेवकाने येऊन चूक सांगितली असता वैद्य कसा वागतो, यावर पुढच्या वेळी ती सांगितली जाईल की दडविली जाईल हे ठरते. रुग्णांसमोर ओरडणाऱ्या मालकाच्या दुकानात सत्य लवकर मुके होते. कुंभाराविना माती, दंड, चक्र आणि सूत्र घट घडवीत नाहीत, त्याप्रमाणे वैद्याविना इतर पाद असमर्थ आहेत, असा दृष्टांत चरकाचार्यांनी नवव्या अध्यायात दिला आहे. सेवकाच्या शीलाची जपणूक करण्याची जबाबदारी या न्यायाने अखेरीस वैद्यावर येते. मालकच बिलाविना विक्री करीत असेल किंवा मुदत संपलेल्या बाटलीवरील चिठ्ठी बदलीत असेल, तर त्याने सेवकाकडून शीलाची अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

सारांश

१. नेमणुकीच्या वेळी शील, शौच, आचार व अनुराग आधी पाहावेत. कौशल्य शिकविण्याची जबाबदारी आपण घ्यावी.
२. आप्तोपदेश, प्रत्यक्ष व अनुमान या तिन्हींचा उपयोग केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. पंधरवड्याची चाचणी सवेतन असावी.
३. बिघडलेले काम स्वतःहून सांगण्याची वृत्ती हा सर्वांत महत्त्वाचा निकष मानावा.
४. जात, नाते वा प्रांत यांना शीलाचा पुरावा समजू नये.
५. कायद्याने लागणारी पात्रता व नोंदणी यांत तडजोड करू नये.
६. वेतन, रजा व शिक्षण यांचे नियम लेखी असावेत आणि चूक सांगणाऱ्याला शिक्षेची धास्ती वाटू नये.

येत्या काळात आपल्याकडे एखादी जागा रिकामी झाली, तर ती लगेच भरण्याऐवजी पंधरा दिवस थोडी ओढाताण सोसावी आणि वरील क्रमाने निवड करून पाहावी, अशी वैद्यबंधु-भगिनींना व औषधालयचालकांना आमची विनंती आहे. चाचणीच्या काळात आढळलेल्या गोष्टी एका वहीत टिपून ठेवल्यास पुढील निवडीच्या वेळी त्या नोंदी आपल्याच उपयोगी पडतील.